सातव्या ओळीपुढचा ठिपका

एल ओर्गानाल गावात हरणं कुणी मोजत नाही, हरणांच्या लेंड्या मोजतात. हरीण दिसतं कुणाला? जन्मभर त्या डोंगराच्या पायथ्याशी राहिलेल्या माणसालाही वर्षाकाठी चार-सहा वेळा शेपटीचा पांढरा झुबका दिसतो, आणि तोही पाठमोरा. लेंडी मात्र पळत नाही. म्हणून फेब्रुवारीत कांदेलारियाच्या सणाचे तामाल खाऊन झाले की गावची माणसं खराटे घेऊन प्रिएतोच्या डोंगरावर चढतात. डोंगरावर आठ ओळी आखलेल्या आहेत आणि प्रत्येक ओळीवर चाळीस खुंट्या. खुंटीला पावणेदोन मीटर दोरी बांधायची, दोरी ताणून एक फेरी मारायची आणि त्या गोलातलं सगळं झाडून अंगणासारखं लख्ख करायचं. मग मे महिन्यात, सान इसिद्रोच्या सणाच्या आगेमागे, पाऊस पडायच्या आत पुन्हा जायचं आणि झाडलेल्या गोलांत किती ढीग पडलेत ते मोजायचं.

तो आकडा पुएब्लाहून येणारी इंजिनियरबाई घेऊन जाते आणि आपल्या गणितात घालते. गणितातून हरणांची संख्या निघते, संख्येवरून सरकार पट्ट्या देतं. पट्टी म्हणजे मारलेल्या नराच्या शिंगाला अडकवायची नंबर छापलेली प्लॅस्टिकची पट्टी. जितक्या पट्ट्या तितकेच नर. मादीला हात लावायचा नाही. पट्ट्या घेणारे बंदूकवाले मोन्तेरेहून आणि राजधानीतून येतात. त्यांनी दिलेल्या पैशातून गावात शाळेचं छप्पर आलं, दवाखान्याची खोली आली, आणि आता वरच्या आळीला पाण्याचा पाइप यायचा होता.

म्हणजे सगळा गाव लेंडीवर उभा होता, आणि लेंडी प्लासिदाच्या डोळ्यावर.

दोन्या प्लासिदा, म्हणजे प्लासिदाबाई, साठीला टेकलेली होती. प्लासिदा म्हणजे शांत, आणि हे नाव ठेवताना तिच्या आईबापांनी तिचा स्वभाव पाहिला नव्हता, हे उघड होतं. मोजणीच्या वेळी ओळीवरची माणसं ढीग दिसला की जागेवरून ओरडत, "दोन्या प्लासिदा!" ती जाई, वाके, एक लेंडी बोटांत फिरवी आणि निकाल देई: हरीण, शेळी, ससा. त्या निकालावर अपील नव्हतं. शेळीची लेंडी हरभऱ्यासारखी गोल, हरणाची जरा लांबट, एका टोकाला निमुळती. एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण अर्धवट वाळलेली, पिचकलेली, मुंग्यांनी पोखरलेली लेंडी ओळखणं निराळं. नराची कुठली, पाडसाची कुठली, हेही ती सांगे. तिचा नवरा जिवंत असताना म्हणायचा, "हिला माझा चेहरा आठवणार नाही, पण मी कालच्याला काय खाल्लं ते सांगेल."

आणि प्रत्येक ढिगातल्या पाच-सहा लेंड्या ती घरी आणायची. सुरुवातीला इंजिनियरबाईनं नमुने म्हणून ठेवायला सांगितलं होतं. बाई विसरली, प्लासिदा विसरली नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये खळग्याखळग्यात लेंड्या, कडेला पेन्सिलीनं ओळीचा नंबर, खुंटीचा नंबर. नऊ वर्षांचे ट्रे तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर सान्ता रीताच्या तसबिरीखाली रचून ठेवलेले होते. पाहुणे नाक मुरडत. ती म्हणे, "तुमच्या घरात लग्नाचे फोटो आहेत ना, तसं."

या वर्षीची मोजणी झाली आणि एकूण आकडा आला अडतीस. गेल्या वर्षीचा होता शहाण्णव.

अडतीस म्हटल्यावर ओळीवरची माणसं खाली बसली. कुणी म्हणालं दुष्काळ, कुणी म्हणालं पुमा आलाय, कुणी म्हणालं पलीकडच्या गावचे चोरून मारतात. प्लासिदा वही चाळत होती. पहिली ओळ, दुसरी ओळ, सगळीकडे थोडं थोडं कमी. ते समजण्यासारखं होतं. पण सातवी ओळ, घळीतल्या झिऱ्याजवळून जाणारी: गेल्या वर्षी एकट्या तिच्यावर एकेचाळीस ढीग. या वर्षी तीन.

आणि गेल्या वर्षीच्या त्या एकेचाळीसपुढे तिच्याच हातचा एक बारीक ठिपका होता.

प्लासिदा उगाच ठिपके देणाऱ्यांतली नव्हती. वही मिटून ती घरी आली, पण ठिपका तिच्याबरोबरच आला.

*

दुसऱ्या दिवशी ती वरच्या आळीला बहिणीकडे गेली. क्रेसेन्सिया, गावाची चेन्चा, तिच्याहून चार वर्षांनी मोठी. बत्तीस शेळ्या, एक बोकड आणि कुणाचंही ऐकून न घेण्याची सवय एवढी तिची मालमत्ता. वरच्या आळीला नळ नव्हता. सहा घरांचं पाणी खालच्या टाकीवरून गाढवावर यायचं.

"ये, मोजणीवाले," चेन्चा गोठ्याच्या दारातून म्हणाली. "माझ्या चुलीजवळ काही पडलं असेल तर मोजून घे."

"तुझं काय मोजायचं? तुझं सगळं आवाजावरून कळतं."

प्लासिदानं गुआहेच्या शेंगांची टोपली खाली ठेवली आणि कुंपणापाशी उभी राहिली. एक तांबडी शेळी कुंपणावर वाळत घातलेलं रिकामं पोतं चघळत होती. कोंड्याचं पोतं, निळ्या प्लॅस्टिकच्या विणीचं. शेळीच्या तोंडातून निळा धागा लोंबत होता, आणि ती डोळे अर्धे मिटून असा घास घेत होती की जणू देवाचा प्रसाद.

"पोतं खातेय ती," प्लासिदा म्हणाली.

"खाऊ दे. कोंड्याची चव लागलेली असते. सगळ्याच खातात."

"आणि मग?"

"मग काय? निघतं मागून."

प्लासिदा वाकली. गोठ्यातली एक ओली लेंडी तिनं उचलून दोन नखांमध्ये फोडली. आत केसाएवढा निळा धागा होता. दुसरी फोडली, तिच्यात नव्हता. तिसरीत होता.

"प्लासी, काय चाललंय? निदान हात धुवायला पाणी मागू नकोस, नाहीये."

प्लासिदाला गेल्या वर्षीचा मे महिना आठवत होता. सातवी ओळ, तेरावी खुंटी, एकाच गोलात चार ढीग. एका गोलात चार ढीग हरीण टाकत नाही. हरीण चालता चालता टाकतं, एकाच जागी मेळावा भरवत नाही. त्या लेंड्या लांबट होत्या खऱ्या. पण मे महिन्यात मेस्किताच्या शेंगा आणि कुबाताची पानं याशिवाय डोंगरावर काही नव्हतं, आणि जे हरीण खातं तेच शेळीनं खाल्लं तर लेंडीचा आकारही त्याच वळणावर जातो. तिला थोडा शेळीचा वास आला होता. ती थांबली होती. आणि मागून गावचा अध्यक्ष फिदेन्सिओ म्हणाला होता, "लिहा की, कोमाद्रे, हरीणच आहे. झिऱ्यावर पाणी प्यायला येतात बिचारी." सगळे खुशीत होते. आकडा वाढत चालला होता. तिनं लिहिलं, आणि ठिपका दिला.

घरी येऊन तिनं सातव्या ओळीचे गेल्या वर्षीचे दोन ट्रे खाली काढले, पांढरी ताटली घेतली, चष्मा लावला आणि भर दुपारी दार लावून एकेक खळगा फोडत बसली. वाळलेल्या लेंड्या तंबाखूसारख्या भुरभुरत होत्या. एकेचाळीसपैकी सव्वीस खळग्यांत निळा धागा निघाला. उरलेल्या पंधरा कुणाच्या, हे लेंडीनं सांगितलं नाही.

गेल्या वर्षी शहाण्णव ढिगांवर सरकारनं चौदा पट्ट्या दिल्या होत्या. त्यातल्या बारा वापरल्या गेल्या. म्हणजे बारा नर. शेळ्यांच्या सव्वीस ढिगांच्या भरवशावर.

*

ती पुन्हा वर गेली तेव्हा चेन्चा दूध काढत होती.

"गेल्या मे महिन्यात शेळ्या राखीव डोंगरावर घातल्या होत्यास," प्लासिदा म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

चेन्चानं धार थांबवली नाही. "झिऱ्यावर नेत होते. पहाटे. तीन आठवडे."

"चेन्चा!"

"काय चेन्चा? खालची टाकी आटली होती, आठवतं? माणशी दोन बादल्या. शेळीला कुणी धरलंच नव्हतं माणसांत. मग काय, थुंकी पाजू त्यांना? डोंगरावर पाणी होतं, तिथं नेल्या."

"तिथं हरणं पाणी पितात."

"मग? हरणांनी माझ्या शेळ्यांना काही म्हटलं नाही. तूच काय ते म्हणतेस."

प्लासिदानं तिला सगळं सांगितलं: ट्रे, निळा धागा, सव्वीस, चौदा पट्ट्या. चेन्चा ऐकत होती. बादली भरली तशी तिनं ती बाजूला ठेवली, शेळीच्या ढुंगणावर एक थाप मारून तिला हाकललं आणि मग पहिल्यांदा बहिणीकडे नीट पाहिलं.

"रविवारी सभा आहे."

"हो."

"सांगणार तू?"

"म्हणून तर तुला आधी सांगायला आले."

"ऐक मग. राखीव डोंगरावर शेळी सापडली तर शेळीमागे तीन दिवस फाएना, गावाचं फुकट काम. बत्तीस शेळ्या आणि बोकड. कर हिशेब, तुला आवडतो ना हिशेब. मी मरेपर्यंत गटारं उपसत बसेन. आणि दुसरं, पट्ट्या कमी झाल्या की पाइप गेला. पाइप कुठं येणार होता? इथं. या दारात." तिनं पायानं जमिनीवर रेघ मारली. "म्हणजे एकदा दंड आणि एकदा तहान, दोन्ही माझ्याच पदरात. आणि तू गप्प बसलीस तर? कोण मरतंय?"

"नर मरतायत."

"नर मरायलाच असतात. मी दोन पुरलेत."

"आणि पुढच्या वर्षी शून्य निघालं तर? मग पाइपच काय, छप्पर गळलं तरी पत्रा यायचा नाही."

"पुढच्या वर्षी!" चेन्चा हसली. "प्लासी, सभेत हरीण हात वर करतं का? नाही ना? मी करते. शेळ्यांवाला वुल्फ्रानो करतो. फिदेन्सिओ तर दोन्ही करतो."

प्लासिदा निघाली तेव्हा चेन्चानं तिला दुधाचा तांब्या दिला, आणि तो दिला अशा रीतीनं की न घेणं जमेना आणि घेणंही.

*

फिदेन्सिओ शनिवारी आला. तो प्लासिदाच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता झाला होता, तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे, आणि दोघं एकमेकांना इतक्या अदबीनं बोलत की भांडणालाही वेळ लागे. गोड पावाची पिशवी त्यानं टेबलावर ठेवली. पाव एरवीपेक्षा जास्त होते, ते प्लासिदानं बसता बसता मोजलं.

"कोमाद्रे, अडतीस हा काही आकडा नाही."

"सदतीसच्या पुढचा आहे, कोंपाद्रे."

"तुम्ही थट्टा करा. मोन्तेरेचे लोक ठरलेत, दहा जण. मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द तुमचा, हरीण डोंगराचं."

"तसं नाही हो. तुम्ही म्हणालात की माणसं घाईत होती, काही गोल नीट पाहिले गेले नाहीत, तर इंजिनियरबाई मान्य करील. ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. गेल्या वर्षीएवढाच लिहू. जास्त नाही, कमी नाही. नर मारले तरी माद्या राहतातच की."

प्लासिदा उठली, मक्याचं गरम अतोले पेल्यांत ओतलं, एक त्याच्यापुढे ठेवला.

"कचेरीत फोटो लावलेत ना तुम्ही? शिकाऱ्यांचे, दरवर्षीचे?"

"आहेत की. ओळीनं."

"कधी बसून बघा ओळीनं. दरवर्षी शिकाऱ्यांची पोटं वाढतायत आणि शिंगं बारीक होतायत. गेल्या वर्षी शेवटच्या पट्टीला ते राजधानीवाले काय घेऊन उतरले? दीड वर्षाचं पोर. शिंगं काय, पेन्सिली. दोघांनी मिळून शिंगं धरून ठेवली म्हणून फोटोत आली."

फिदेन्सिओ हसला; हसू आवरता आलं नाही त्याला. मग गंभीर झाला. तो वाईट माणूस नव्हता. गावाच्या छपराचा एकेक पत्रा त्यानं स्वतः चढवला होता, आणि वरच्या आळीतल्या बायका पाण्याची गाढवं हाकत कचेरीसमोरून जात तेव्हा तो खिडकीत उभा राहत नसे.

"मग काय करायचं?"

"माझं चुकलंय गेल्या वर्षी," प्लासिदा म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात इतक्या कमी वेळा उच्चारलं होतं की फिदेन्सिओनं पेला खाली ठेवला. तिनं त्याला ताटली दाखवली. निळे धागे तिनं एका कडेला रांगेत लावून ठेवले होते.

त्यानं एक धागा बोटावर घेतला. "हा निळ्या पोत्याचा धागा तर..."

"मला माहितीये कुणाचा."

"सभेत हे सांगितलंत तर पुन्हा दोरी तुमच्या हातात कुणी देणार नाही, कोमाद्रे."

"ते मोजून झालंय माझं."

त्यानं पाव परत नेले नाहीत. ही त्याची भलमनसाई.

*

रविवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. हजेरी झाली, एकेक नाव, एकेक "हजर", गैरहजर तिघांच्या नावापुढे फुली. पुढच्या टेबलाशी फिदेन्सिओ, शेजारी इंजिनियरबाई यादिरा आपला लॅपटॉप उघडून बसलेली. ती तिशीची, सावलीतही टोपी न काढणारी. चेन्चा शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून.

प्लासिदा दोन ट्रे घेऊन उठली तशी मागून कुणीतरी म्हणालं, "अंडी वाटणार वाटतं!"

"अंडी नाहीत. पण घरी न्यायची असली तर देते," ती म्हणाली, आणि हसू थांबेपर्यंत थांबली. मग तिनं सांगितलं. कुठलाही शब्द वाढवला नाही, वगळलाही नाही. गेल्या वर्षीच्या सातव्या ओळीचे सव्वीस ढीग शेळीचे होते. ती फसली. तिला शंका आली होती, तिनं ठिपकाही दिला, पण ठिपका तिनं कुणाला दाखवला नाही, कारण आकडा छान दिसत होता. त्या आकड्यावर चौदा पट्ट्या आल्या. या वर्षीचे अडतीस खरे आहेत. मग टेबलावर तिनं चार-पाच लेंड्या फोडल्या. पुढच्या रांगेतले वाकून बघू लागले.

पटांगणात गलका झाला. "कुणाच्या शेळ्या? नाव सांगा!" "दंड लावा!" "राखीव म्हणजे राखीव!"

सगळ्यांत मोठा आवाज वुल्फ्रानोचा. गावात सर्वांत जास्त शेळ्या त्याच्या, आणि नियमांचा सर्वांत जास्त उमाळाही त्यालाच. तो उभा राहिला. "दोन्या प्लासिदा, धागा कुठल्या रंगाचा?"

"निळा."

वुल्फ्रानो पुन्हा बाकावर टेकून बसला, पाय पसरून. त्याच्या कोंड्याची पोती पांढरी. आजूबाजूचे आणखी चौघेही टेकून बसले, आणि अर्ध्या गावाच्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या.

"निळा म्हणजे तर..." वुल्फ्रानोनं सुरुवात केली.

"निळा सापडला, कारण मी निळा शोधत होते," प्लासिदा म्हणाली. "पांढरा धागा लेंडीत चटकन दिसत नाही. पंधरा खळगे शिल्लक आहेत. चष्मा आणलाय मी. आत्ता फोडू, सगळ्यांसमोर?"

टेकून बसलेल्यांनी पसरलेले पाय जवळ घेतले. टाकी गेल्या वर्षी सगळ्यांचीच आटली होती.

"कशाला," वुल्फ्रानो म्हणाला, "उगाच वेळ जाईल."

मागच्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. दंडाची गोष्ट तिथंच बसली आणि पुन्हा उठली नाही.

मग इंजिनियरबाईनं आकडे घातले. सगळे तिच्या बोटांकडे बघत होते. "अडतीसवर चार निघतात," ती म्हणाली. "आणि मला विचाराल तर त्या चारही या वर्षी घेऊ नका."

"बाई, चार घेऊ," फिदेन्सिओ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "चारात पाइपाची निम्मी लांबी तरी येईल. उरलेली पुढच्या वर्षी."

"निम्म्या पाइपातून पाणी निम्म्यापर्यंत येतं," चेन्चाचा आवाज मागून आला. मग हात वर झाले. चार पट्ट्या मंजूर. चेन्चानं हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही; घडी तशीच.

"आता आकड्याचं," प्लासिदा म्हणाली. "आकडा माझा, सही माझी. दंड मला लावा." तिनं पिशवीतून दोरी आणि खुंटी काढून टेबलावर ठेवली. नऊ वर्षं हाताळून दोरी काळीभोर झाली होती.

फिदेन्सिओनं तीस दिवस फाएना लिहिली. कुठलं काम, असं विचारल्यावर प्लासिदा म्हणाली, "वरच्या आळीला पाणी. माझं गाढव आहे." त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता.

"पण मोजायचं कुणी?" इंजिनियरबाईनं विचारलं. "पुढच्या वर्षी ओळखणार कोण?"

दोरीकडे सगळे बघत होते, हात कुणी लावत नव्हतं. मग वुल्फ्रानोला सूड सुचला. "दोन्या प्लासिदालाच ठेवा की, पण सोबत दोन्या चेन्चाला द्या! ती निदान आपल्या घरच्या लेंड्या तरी ओळखेल."

पटांगण हसलं. चेन्चा उठली. हाताची घडी पहिल्यांदा सुटली.

"ओळखीन," ती म्हणाली. "तुझ्याही ओळखीन, वुल्फ्रानो. तुझ्या शेळ्या माझ्या झिऱ्यावर माझ्या आधी यायच्या."

आता वुल्फ्रानो सोडून सगळे हसले. फिदेन्सिओनं लिहून टाकलं: मोजणी, दोघी बहिणी.

*

तीस दिवस प्लासिदानं गाढवावर दिवसाला बारा कॅन नेले, सहा घरांना दोन-दोन. चेन्चा दारात उभी राहून कॅन उतरवून घेई, झाकण उघडून आत बघे आणि एक शब्द बोलत नसे. तीस दिवस संपले त्या सकाळी प्लासिदा पुन्हा गेली.

"संपला की तुझा दंड," चेन्चा म्हणाली. एवढ्या दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

"दंड संपला. पाइप कुठं आलाय?"

चेन्चानं झाकण उघडलं, आत पाहिलं. "हा कॅन बोटभर कमी आहे," ती म्हणाली, आणि आत गेली.

हंगामात चार पट्ट्यांना तीनच नर उतरले. चौथा शिकारी आठ दिवस डोंगर तुडवून रिकाम्या हातानं गेला आणि जाताना फिदेन्सिओला बरंच काही बोलून गेला. पाइप टाकीपासून मुख्य रस्त्यापर्यंत आला आणि तिथं तोंड उघडं टाकून पडून राहिला. चेन्चाच्या शेळ्या डोंगराखालीच राहिल्या. प्लासिदाचं गाढव रोज पाणी घेऊन वरच्या आळीला जात होतं.

फेब्रुवारीत दोघींनी मिळून गोल झाडले. मे महिन्यात मोजायला गेल्या. सातव्या ओळीवर पहिल्या बारा खुंट्या कोऱ्या निघाल्या. तेराव्या खुंटीशी, गोलाच्या अगदी कडेला, एक लहानसा ढीग होता. लेंड्या बारीक, निमुळत्या, मटकीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. पाडसाच्या असतील. प्लासिदा उभीच राहिली. वाकायचा मान तिनं बहिणीला दिला.

चेन्चानं एक लेंडी उचलली, नाकाशी नेली, फोडली, उन्हात धरली, धागा शोधला. पुन्हा वास घेतला.

"माझी नाही," ती म्हणाली.

"वुल्फ्रानोची?"

"त्याचीही नाही. त्याच्या एवढ्या नाजूक कुठल्या?"

प्लासिदानं खिशातून चष्मा काढला, दुसरी लेंडी उचलली आणि स्वतः फोडून पाहिली. मग तिसरी. मग वही उघडून तिनं सातव्या ओळीत एक लिहिलं, आणि त्यापुढे काही दिलं नाही.

"झालं?" चेन्चानं विचारलं. "अजून सत्तावीस खुंट्या आहेत. चल, माझं पाणी यायचंय."

"कोण आणणार?"

"कोण म्हणजे?" चेन्चा पुढच्या खुंटीकडे चालू लागली. "जी आणते ती."